थेंब जांभळा, पण सोनं बसेना

मी मूळची कल्याणची. आमचं काम झारेकऱ्याचं, म्हणजे सोनारांच्या दुकानांपुढची धूळ झाडून न्यायची, गटारातला गाळ काढायचा आणि घमेल्यात धूत बसायचं, तळाला सोन्याचा कण राहील तो आपला. आई धुवायची, मी पाणी घालायची, आणि आईचा एकच दंडक, नीट बघितल्याशिवाय पाणी ओतायचं नाही म्हणजे नाही. ओतलं की पाठीत रट्टा. काय सांगू तुम्हाला, शाळेत मला त्या कामाची लाज वाटायची, आणि आज त्याच कामावर मी ताठ मानेने उभी आहे.

लग्न होऊन डोंबिवलीला आले, मग ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये भंगार कॉम्प्युटरच्या कारखान्यात लागले, आधी स्क्रू काढायला. जुन्या प्रोसेसरच्या पिनांना सोन्याचा मुलामा असतो ना, तर शेठने ते सोनं काढायचा विभाग चालू केला, आणि मी आपली मागे लागून लागून त्यात शिरले. म्हटलं शेठ, सोनं शोधत शोधतच मोठी झालेय मी. माझी सून पूजा, केमिस्ट्री शिकलेली, तिलापण मीच तिथे चिकटवली. सासू-सून एका टेबलावर, लोक म्हणायचे आता वेगळं ॲसिड आणायची गरज नाही. हसू देत.

मग तो मोठा लॉट आला. सगळे जुने सिरॅमिकचे प्रोसेसर, असा माल आता बघायला मिळत नाही. ॲसिडात टाकले, सोनं विरघळलं, आता त्यात पावडर घातली की सोनं तपकिरी गाळ होऊन तळाला बसतं. पण बसेचना. जरा गाळ धरायचा आणि परत गायब, परत पावडर घाला, परत तेच. कागदावर थेंब घेऊन टेस्टचं औषध टाकलं की जांभळाजर्द, म्हणजे सोनं पाण्यातच आहे. आहे आणि येत नाही. शेठ वैतागले, म्हणाले ओता ते सांडपाण्याच्या टाकीत, विभाग बंद, यापुढे माल अख्खाच विकायचा. मी भांड्यापुढे उभी राहिले. म्हटलं, शेठ, थेंब जांभळा आहे तोवर हे पाणी मी कुणाला ओतू देणार नाही. खरं सांगते, विभाग गेला असता तर मी परत स्क्रूवर आले असते.

तेवढ्यात पूजा म्हणाली आई, नायट्रिक ॲसिड जास्त झालंय, खाली बसलेलं सोनं तेच परत खातंय. तेव्हा शेठ हळूच म्हणाले, लवकर विरघळावं म्हणून सकाळी मीच थोडं जास्त ओतलेलं. थोडं म्हणे. पूजा सरळ मास्क आणायला गेली, तिच्या जागी मी असते तर शेठना सोडलं नसतं. मग मास्क लावून एक्झॉस्टखाली मंद आचेवर ते आटवत बसलो दोघी, ती सांगेल तसं दुसरं ॲसिड थोडं थोडं घालत, तांबूस धूर थांबेपर्यंत. थंड केलं, पावडर घातली, आणि बसलं हो, तळाला जाड थर. शेठ गाळ बघत होते आणि मी वरच्या पाण्याचा थेंब घेतला. औषध टाकलं, कागद पांढराच राहिला. मला रडूच आलं.

आता डोंबिवलीहून कारखानेवाले फोन करतात, मावशी, सोनं बसत नाही, काय करू. मी म्हणते सुनेला विचारा, विभाग तीच बघते. गुणाची आहे, सुखात राहो. शेठचंही भलं होवो, माणूस वाईट नाही, घाईचा आहे. पण आता हातात भांडं घेऊन दारात थांबतात आणि विचारतात, ताई, ओतू का?