राणीसरकार कुणाच्या?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या व्यापारी मंडळाचे सर्वांत ज्येष्ठ सभासद बेकरीवाले काका, व्यासपीठावर संकोचून बसलेले आपले सत्कारमूर्ती डॉक्टरसाहेब, त्यांच्या दवाखान्याची धुरा नुकतीच हाती घेतलेल्या नव्या डॉक्टर, सभागृहात जमलेले शेजारीपाजारी, बंधू-भगिनी, आणि आत आणू नका असं दारावर लिहिलेलं असूनही ज्यांना आत आणलंच आहे, ते मागच्या रांगेतले दोन कुत्रे, सर्वांना माझा नमस्कार.

आपले हे जनावरांचे डॉक्टरसाहेब आज निवृत्त होताहेत. उद्या ते आपल्या मुलीकडे, इथून पुष्कळ दूर, कायमचे राहायला जाणार. त्यांच्या दवाखान्यासमोर माझं औषधांचं दुकान. रस्त्याच्या या बाजूला मी, त्या बाजूला ते, असं आमचं अर्धं आयुष्य गेलं. म्हणून त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द मीच बोलावेत असं मंडळानं ठरवलं. चांगले शब्द मी आणलेत. पण त्याआधी मला एक तक्रार करायची आहे. निरोपाच्या दिवशी तक्रार करू नये हे मला कळतं. पण मग करायची कधी? उद्या यांची गाडी निघून गेल्यावर धुराकडे बघून?

अध्यक्षमहाराज, तुम्ही घड्याळाकडे बघू नका. आवरतो.

आपल्या भागातलं बहुतेक प्रत्येक कुत्रं-मांजर आज चिप लावलेलं आहे, ते एकट्या डॉक्टरांमुळे. ज्यांच्या घरी जनावर नाही त्यांच्यासाठी सांगतो. तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. दोन खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली, सुईनं सोडतात. तिच्यात फक्त एक क्रमांक. वाट चुकलेलं जनावर कुणी दवाखान्यात आणलं की त्याच्या अंगावरून यंत्र फिरवायचं. यंत्र टिंग करतं, क्रमांक दिसतो, आणि त्या क्रमांकावर ज्या मालकाची नोंद असेल त्याला फोन जातो. गळ्यातला पट्टा निघून पडतो. चिप पडत नाही.

मी पहिल्यांदा विचारलं होतं, "म्हणजे आमची मांजर कुठे आहे ते मला मोबाईलवर दिसणार?" डॉक्टर म्हणाले, "नाही. ती कुणाला सापडली, तर तुम्ही कुठे आहात ते त्यांना कळणार." आणि लगेच त्यांचं ठरलेलं वाक्य, "म्हणून नंबर बदललात तर कळवा." हे वाक्य या सभागृहात कुणी ऐकलेलं नाही? हात वर करा. बघा, एकही नाही. केस कापून घेताना न्हाव्याला सांगायचे, बँकेच्या रांगेत पुढच्याला सांगायचे. माझ्या दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला आले तरी गिऱ्हाइकांना बजावून जायचे, "चिप लावून काम संपत नाही. घर बदललं आणि दारावरची पाटी जुनीच राहिली, तर काय उपयोग? नंबर बदललात तर कळवा."

आता तक्रारीकडे येतो.

माझी एक मांजर आहे. राखाडी, डाव्या कानाला बारीकशी खाच, चाल अशी की रस्ता तिच्या वडिलांनी बांधलाय. पावलं मोजून टाकते आणि बोलावलं की मुळीच येत नाही, म्हणून मी तिचं नाव ठेवलं राणीसरकार. दुकानाच्या मागच्या खोलीत, खोक्यांमध्ये, एवढीशी सापडली होती. ड्रॉपरनं दूध पाजून मी तिला वाढवली. आमच्या सौ. इथे बसल्या आहेत, त्या साक्षीदार आहेत. सौ. मला म्हणतात, "माझी एवढी काळजी केली असतीत तर संसार सोन्याचा झाला असता." पण तो वेगळा विषय आहे.

राणीसरकारना चिप मी लावून घेतली. डॉक्टरांनीच लावली. माझं नाव, माझा नंबर. त्या दिवशी मी दुकानात ताठ बसलो होतो. मांजर माझी, आणि आता तसं मांजरीच्या आतच लिहिलेलं.

गेल्या महिन्यात मी तिला वर्षाच्या लशीसाठी घेऊन गेलो. नव्या डॉक्टर तेव्हा नुकत्याच रुजू झाल्या होत्या. डॉक्टरसाहेब मागच्या खोलीत पुस्तकं खोक्यात भरत होते. नव्या डॉक्टरांचं शिक्षण नवं, यंत्र नवं. त्यांनी ते खांद्यावरून फिरवलं, टिंग. माझा क्रमांक. मी मान डोलावली. पण त्या थांबल्या नाहीत. पाठ, बरगड्या, पुढचा पाय असं सगळीकडून नेलं. चिप कधी कधी सरकते, म्हणून तसं करायचं असतं म्हणे. आणि पुढच्या पायाच्या वर यंत्र पुन्हा वाजलं. टिंग.

नव्या डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "काका, ही मांजर तुमचीच ना?"

अहो, मी काय उत्तर द्यावं? मला भर रस्त्यात कुणी विचारलं असतं की हा शर्ट तुमचाच ना, तरी इतकं लागलं नसतं. दुसरा क्रमांक वेगळा होता. नोंद वेगळी होती. आणि नियमाप्रमाणे नव्या डॉक्टरांनी त्या नंबरवर फोन केला.

काही क्षणांत घरातल्या चपला घालून, केस विस्कटलेल्या, धापा टाकत कोण आलं? गाण्याच्या बाई! मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर राहतात त्या. तिसऱ्या रांगेत बसल्यात. बाई, हसू नका, तुमच्यावर येतोय मी.

"काय झालं माझ्या गुणगुणला?" बाई दारातूनच ओरडल्या.

गुणगुण! हे काय नाव आहे? एखाद्या जुन्या पंख्याचं असावं असं.

मी म्हटलं, "बाई, तुमची काहीतरी चूक होतेय. ही राणीसरकार आहे. माझी."

"तुमची? दुपारभर माझ्या पेटीवर झोपते ती."

"रात्री माझ्या उशाशी असते."

"माझ्याकडे जेवते!"

"माझ्याकडे जेवते!"

त्या क्षणी आम्हां दोघांनाही एकदम उमगलं की डॉक्टर आम्हांला वेगवेगळं गाठून "तिचं खाणं जरा कमी करा" असं का सांगत होते. मी शपथेवर सांगत होतो की आमच्याकडे ती चिमणीएवढं खाते. बाईही तेच सांगत होत्या. दोघंही खरं बोलत होतो. आणि मांजर मध्ये टेबलावर बसून पाय चाटत होती.

झालं होतं असं. बाईंनी तिला मोकाट समजून एका फुकट शिबिरात नेलं. तिथे इतकी गर्दी, की आधी यंत्र फिरवून बघायचं राहूनच गेलं आणि शिबिरवाल्यांनी दुसरी चिप सोडली. पुढे बाई तिला घेऊन आपल्या डॉक्टरांकडे आल्या, आणि डॉक्टरांनी कानाची खाच बघूनच ओळखलं. हा माणूस माणसांचे चेहरे विसरतो, पण मांजरीचा कान विसरत नाही. तेव्हापासून यांना सगळं ठाऊक होतं! मी लशीला नेली की टोचायची. मागाहून बाईंनी नेली की "आज गरज नाही, छान आहे" म्हणून परत पाठवायची. वर्षानुवर्षं हा उद्योग चालला होता, आणि मी समोर बसून यांना खोकल्याचं औषध सवलतीत देत होतो.

मी तसाच मागच्या खोलीत गेलो. म्हटलं, "डॉक्टर, तुम्हांला माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

पुस्तकं भरता भरता, वर न बघता म्हणाले, "तिला दोन घरं होती. सांगितलं असतं तर एकही राहिलं नसतं."

मला पटलं नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मला मत्सर वाटला, आणि तो लपवायला मी काही साधुसंत नाही. दुकानात बसून गोळ्यांची पाकिटं देताना डोळ्यांसमोर ती पेटी यायची. माझी मांजर दुसऱ्याच्या सुरात झोपते! सौ. म्हणाल्या, "अहो, मांजर आहे ती, सवत आणल्यासारखं काय करताय?" मी त्यांच्याशीही दिवसभर बोललो नाही. शेवटी मी घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.

राणीसरकारनी जेवण सोडलं. वाटीकडे बघायची आणि खिडकीपाशी जाऊन बसायची. ओरडलीही नाही. ओरडली असती तर मी रागावू तरी शकलो असतो. मग रविवारी सकाळी मी खिडकी उघडली. दया आली म्हणून नव्हे हो. मला तिला बाईंच्या दारात रंगेहाथ पकडायचं होतं. ती निघाली, आणि मी मागून, घरातल्या कपड्यांत, लोकांची नजर चुकवत.

ती बाईंच्या जिन्यापाशी गेली आणि वर न जाता पुढे निघाली. तेवढ्यात जिन्यावरून बाई उतरल्या. त्याही तिच्याच मागावर! रोज येणारी मांजर येईनाशी झाली म्हणून गॅलरीत पहारा देत होत्या. आम्ही एकमेकांकडे बघून नाकं मुरडली आणि एकत्र चालू लागलो.

ती दवाखान्याला वळसा घालून मागे गेली. तिथे डॉक्टरांचं राहतं घर. मागच्या दाराशी पायरी, पायरीच्या वर खुर्ची, खुर्चीत डॉक्टर, हातात चहा, आजूबाजूला बांधलेली खोकी. आम्ही कचऱ्याच्या डब्यांआड उभे राहिलो. होय, व्यापारी मंडळाचा चिटणीस आणि संगीत विद्यालयाच्या संचालिका, डब्यांआड. डॉक्टरांनी कप खाली ठेवला आणि मांजरीला म्हणाले, "आलात?"

बस, एवढंच. राणीसरकार नाही, गुणगुण नाही. आणि ती एका उडीत त्यांच्या मांडीवर गेली, गोल वळून बसली, आणि डोळे मिटले.

बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "माझ्या मांडीवर कधी बसली नाही हो ती."

मी म्हटलं, "माझ्याही."

सभ्य स्त्री-पुरुषहो, बाईंचा मला जो हेवा वाटला होता, तो या हेव्यापुढे काहीच नव्हता. ड्रॉपरनं दूध कुणी पाजलं? पेटी कुणी दिली? आणि मांडी कुणाची? त्या रविवारी आम्ही दोघं एकाच गोष्टीवर जळत घरी परतलो, आणि वाटेत बाईंनी मला पहिल्यांदा चहाला बोलावलं. पेटी पाहिली मी. वर राखाडी केस होते.

नव्या डॉक्टर आम्हांला म्हणाल्या होत्या की एकच मालक ठरवा. आम्ही ठरवलं नाही. चिपा दोन आहेत तर दोन राहू देत, आणि दोन्हींच्या नोंदीत दोन्ही घरांचे नंबर घाला असं सांगितलं. पहिला नंबर कुणाचा यावरून दवाखान्यात आमचं बरंच वाजलं. तेव्हा माझ्या चिपेवर मी पहिला, बाईंच्या चिपेवर बाई पहिल्या, असा तह झाला. मग नव्या डॉक्टरांनी विचारलं, "आणि दोघांचेही फोन लागले नाहीत तर? तिसरा कुणाचा नंबर घालू?"

शेवटी नंबर बाईंनी सांगितला. त्यांना तोंडपाठ होता. मलाही होता.

डॉक्टर, आपल्या भागातल्या प्रत्येक जनावराला तुम्ही कुणाचं ना कुणाचं नाव दिलंत, आणि तुमचं स्वतःचं नाव एकाही नोंदीत नव्हतं. आता आहे. मात्र गैरसमज नको. मांजर मिळणार नाही. उद्या तुमचं सामान चढवताना मी आणि बाई हजर असणार, आणि मदतीला म्हणून नव्हे. प्रत्येक खोकं उघडून बघणार आहोत.

पण येत्या रविवारी ती निघेल. मी खिडकी लावणार नाही, ते एकदा करून बघितलंय. ती तुमच्या पायरीवर जाईल आणि बंद दाराकडे बघत बसेल. आम्ही जाऊ तिला आणायला. मी मांडी घालून बसेन, बाई बसतील, आणि ती आमच्याकडे ढुंकून बघणार नाही, हे मला आत्ताच दिसतंय आणि आत्ताच पोटात दुखतंय. म्हणून मी काय करणार आहे सांगतो. मी तुम्हांला फोन लावीन आणि तो तिच्या त्या खाच पडलेल्या कानाशी धरीन. तुम्ही फक्त "आलात?" एवढं म्हणा. पुढचं आम्ही दोघं बघून घेऊ.

चांगले शब्द बोलायचे राहिले. ते लिहून आणलेत, कागद डॉक्टरांच्या हाती देतो, प्रवासात वाचतील. मंडळानं मला बोलायची संधी दिली, अध्यक्षांनी दोनदा घंटीला हात लावूनही ती वाजवली नाही, आणि बाईंनी आपली बाजू मांडायला उभं राहण्याचा मोह आवरला, या सर्वांचे मनापासून आभार. जळत्या पोटी बोललोय, एखादा शब्द वावगा गेला असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला.

आणि डॉक्टर, नंबर बदललात तर कळवा.