आज दिसली का?

— नाही सर, एंटर नको. हात मागे घ्या. घडी घाला हाताची, वर्गात पोरांना सांगता तशी — हां. तुमचं बोट त्या बटणावर टेकलेलं असलं की मला बोलायचं सुचत नाही. आता सांगा, मघाशी काय म्हणालात? यादीत एकच डिस्क दिसतेय, म्हणजे लॅपटॉपची तीच असणार, म्हणून "सगळं पुसून लिनक्स टाका" वर टिचकी मारलीत, आणि ते विचारतंय, नक्की का — आणि तेवढं विचारायला लॅपटॉप तसाच उघडा हातावर घेऊन रस्ता ओलांडून आलात. बरं केलंत. लोक त्या "नक्की का"ला उलटं काही विचारत नाहीत, दाबून मोकळे होतात. मीही दाबलंय — ते सोडा. ही डावीकडे लोंबतेय ती काय? बाहेरची डिस्क. हिच्यात काय आहे? बॅकअप. म्हणजे लॅपटॉपमधलं सगळं आधी हिच्यात घेतलंत, शहाण्यासारखं, आणि मग काढायची राहिली. केवढी आहे? एक टीबी. आणि लॅपटॉपची आतली? तीपण एक टीबी. झालं. मी हे आधी मागे जाऊन सोडून देते, आता ही केबल काढते, आता परत यादी बघा. रिकामी. दिसलं का? आतली डिस्क त्याला दिसतच नाहीये. जी एकच दिसत होती ना, ती ही — माझ्या हातातली. तुम्ही बॅकअप पुसायला निघाला होतात, सर.

बसा. पाणी घ्या, त्या तांब्यात आहे. चेहरा पार उतरला तुमचा. काही झालं नाहीये, झालं असतं फक्त. काय होतं हिच्यात, पोरीचे फोटो? जन्मापासूनचे, जुने तर फक्त हिच्यातच. बरं. मग ही धरा, मांडीवर ठेवा. टेबलावर नको, मांडीवर. माझ्या टेबलावर कधी काय कशाला जोडलं जाईल, माझा माझ्यावर भरवसा नाही.

आता आतली का दिसत नाही ते बघू. गेली असेल का? छे. दिसत नाही म्हणजे गेली असं नसतं, नाहीतर तुमचं निम्मं शास्त्र बुडेल — समुद्राच्या तळाशी डोंगर असतात असं शिकवता ना, ते कुठे दिसतात? बंद करून चालू करते. कंपनीचं नाव उमटायच्या आत हे एफ-टू दाबायचं, टकटकटक, दारावर वसुलीवाला आल्यासारखं. हं, ही बघा निळी पाटी. ही लॅपटॉपची खासगी खोली, इथे कुणी येत नाही. इथे डिस्कच्या नावापुढे काय लिहिलंय? आहे की, एक टीबी, ठणठणीत. काखेत कळसा. मग लिनक्सला का दिसत नाही? कारण ह्या खालच्या ओळीत "रेड" लिहिलंय. कारखान्यातून असंच येतं. म्हणजे डिस्कच्या दारात एक वॉचमन बसवलाय. जुन्या सिस्टीमशी त्याची ओळख, तिला आत सोडतो. लिनक्स ही नवी सिस्टीम, ती आली की म्हणतो, इथे कुणी राहत नाही. आपण वॉचमन उठवायचा — "रेड"च्या जागी "एएचसीआय". एवढंच. ह्यानं तुमची जुनी सिस्टीम सुरू होणार नाही बहुतेक, पण ती तुम्हाला नकोच आहे ना? नको. परत विचारते, नको? सर, वैतागू नका, मी तीनदा विचारते. पूर्वी नव्हते विचारत.

सेव्ह. बाहेर. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून परत. थांबा, हे जरा वेळ घेतं.

हां — आली. ही बघा, लांबलचक नाव आहे तिचं, एनव्हीएमई नी काय काय, पण आली. आणि आता यादीत ही एकटीच, बस. वाचा मोठ्यानं. आता "सगळं पुसून". आता "नक्की का". दाबा तुम्हीच, तुमचा लॅपटॉप आहे. — दाबलंत. छान. वीस मिनिटं जातील. वायफाय पण दिसणार नाही बहुतेक ह्याला, त्याचं नंतर बघू, फोनची वायर लावून नेट देईन. आधी जेवायला बसू दे, मग लोणच्याचं बघू.

जाता का जाऊन येता? थांबताय? थांबा. खुर्ची तेवढी इकडे ओढा, तिथे दारात नको, आमच्या सासूबाईंना आतलं दिसायला हवं असतं. त्या काय बाहेर बाकावर, लोकर घेऊन. येताना विचारलं असेल त्यांनी काहीतरी. नाही विचारलं? मग जाताना विचारतील. जाणाऱ्यांनाच विचारतात त्या — "दिसली का?" एवढंच. इकडून कुणीही बाहेर पडलं की, दिसली का. शेजारी चष्म्याचं दुकान आहे ना, तिथलं गिऱ्हाईकही सोडत नाहीत. परवा एक आजोबा नवा चष्मा लावून बाहेर आले, ह्यांनी विचारलं, दिसलं का, ते म्हणाले, हो हो, अगदी स्वच्छ दिसतंय. सासूबाई केवढ्या खूश. आत येऊन मला म्हणाल्या, बघ, त्यांचं दिसलं. तू नीट लावून बघ.

काय दिसायचंय? डिस्क. आमची. अशीच, तुमच्यासारखीच, एक टीबी.

आता विषय निघालाच आहे तर — नाहीतरी बारा टक्के झालंय. हे दुकान आमच्या ह्यांचं. मी आपली काउंटरवर, पावत्या, फोन घेणं, "साहेब बाहेर गेलेत" म्हणणं — ते आत खुर्चीत बसलेले असायचे. मला काम शिकवलं त्यांनी, पण हात त्यांचा. आणि विसराळू असा माणूस की विचारू नका. लॅपटॉप उघडायचे, चौदा स्क्रू, कुठला कुठला होता ते विसरायचे. मग सवय लावून घेतली — उघडताना फोनचं रेकॉर्डिंग लावून बोलत जायचं. "डावीकडचा वरचा, आखूड. त्याच्याखालचा, लांब. स्क्रू नंबर चार, चार सापडत नाहीये, चार माझ्या पायाखाली आहे." अशा शे-दोनशे फाइली. फोन भरला की त्या बाहेरच्या डिस्कवर टाकायच्या, फोन मोकळा. कशाला ठेवल्या, काय माहीत. ते काही टाकून द्यायचे नाहीत, मोडकी पोरंसुद्धा सांभाळली असती. आम्हाला नाही झाली, तो विषय वेगळा.

दोन वर्षं होतील त्यांना जाऊन. काही झालं नव्हतं, म्हणजे आजारबिजार. सकाळी चप्पल घालताना बसले ते बसलेच. असो.

तर सासूबाईंना त्या सापडल्या. म्हणजे मीच लावली एक, कुणाचं तरी उघडलेलं मशीन परत बंद करायचं होतं, स्क्रू कुठला ते बघायला. ह्या आतून आल्या. म्हणाल्या, कोण बोलतंय? आणि त्यातच मागे त्यांचा स्वतःचा आवाज — "अरे, जेवायला येतोस का?" — आणि हे म्हणतात, "आलो गं आई, एक मिनिट." मग परत स्क्रू नंबर पाच. झालं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सहा वाजता एक ऐकायची. स्क्रूचं त्यांना काय? त्या "आलो गं आई" ची वाट बघायच्या. कधी असायचं, कधी नसायचं. नसलं की म्हणायच्या, आज कामात होता.

तीस टक्के. हळू चाललंय, पण चाललंय. तुमच्या मशीनचा पंखा जरा जास्तच ओरडतो, एकदा साफ करून घ्या.

मग मी हुशारी केली. म्हटलं, रोज मला दुकानातून उठून लावून द्यावं लागतं, त्यापेक्षा सासूबाईंना एक वेगळा लॅपटॉप देऊ, साधं लिनक्स टाकू, मोठं बटण ठेवू, दाबलं की लेकरू बोललं. एक जुना लॅपटॉप होताच दुकानात. पेनड्राइव्ह लावला. आणि पुढची तयारी आधीच करून ठेवणारी बाई मी — नंतर फाइली कॉपी करायच्याच आहेत, म्हणून ती डिस्कही लावून ठेवली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. यादी आली. एकच डिस्क. एक टीबी. आता लॅपटॉपचीही एक टीबीच होती हो, मला काय माहीत त्याच्या दारात वॉचमन बसलाय? म्हणजे माहीत असायला हवं होतं. आमच्या ह्यांनी दहा वेळा सांगितलं होतं, इन्स्टॉल करताना मशीनला दुसरं काही लावलेलं नको, आंघोळीला जाताना घड्याळ काढतो तसं काढायचं. मी काढलं नाही. "सगळं पुसा." "नक्की का?" हो. मग परत एकदा विचारतं, आठवतंय, आत्ता तुम्हालाही विचारलं. परतही हो.

वीस मिनिटं गेली. मी मधे भाजी निवडली. चालू केलं तर लॅपटॉप उघडला — जुनाच. जशीच्या तशी जुनी सिस्टीम, जुना फोटो मागे. मी म्हटलं, अगं बाई, एवढं सगळं टाकलं ते गेलं कुठे? आणि असं म्हणताना मान खाली गेली तर त्या डिस्कचा दिवा लुकलुकत होता.

रडले? नाही हो. मी भाजी फोडणीला टाकली.

केलं की, सगळं केलं. परत मिळवायचे प्रोग्राम असतात, तीन आठवडे चालवले. फाइलींची नावं आली थोडी. आत आवाज नाही. एक उघडली, चार सेकंदांची — टेबलावर काहीतरी छोटं पडल्याचा आवाज. स्क्रूच असणार. नंबर कुठला ते कळत नाही.

त्याच दिवशी सहा वाजता ह्या येऊन बसल्या, पदर सारखा करून. मी म्हटलं, आई, आज डिस्क दिसत नाहीये. तेच आलं तोंडात. दुकानात दिवसभर तेच बोलतो ना आपण, दिसत नाहीये, बघते. त्या म्हणाल्या, असू दे, उद्या बघ. उद्याही नाही. सात महिने झाले. रोज मी ती केबल लावते त्यांच्यासमोर, तो निळा दिवा लागतो, त्या म्हणतात, दिवा लागतोय म्हणजे आहे. माझी सुई नाही का दिसत, म्हणून ती गेली का? गादीत असते. — त्यांचं बरोबरच आहे. तुम्हाला मघाशी मी तेच सांगितलं की. दिसत नाही म्हणजे गेली असं नसतं.

काय? सांगून टाकावं? हो ना. सगळ्यांना तसंच वाटतं. तुमचं किती झालं — एकाहत्तर. सर, एक सांगते, हे मी कुणाला बोलले नाहीये, तुम्ही भूगोलवाले, तुम्हाला काय त्याचं. त्या दोनशेतली एकही मी पूर्ण ऐकली नव्हती. कंटाळा यायचा. रोज सहा वाजता, माणूस नाही आणि आवाज स्क्रू मोजतोय, आणि मी पोळ्या लाटतेय. आणि त्या दिवशी दिवा लुकलुकताना बघितला ना, तेव्हा आधी वाटलं ते काय? वाईट नाही. आधी वाटलं, आज सहा वाजता शांत असेल. एवढंच, एक क्षण. मग बाकीचं. पण आधी ते. म्हणून मला कळत नाही की दोनदा "हो" दाबलं ती चूक होती का — चूकच होती हो. चूकच. वॉचमनचीच भानगड. पण मुद्दाम केलं का, असं कुणी विचारलं तर मी काय दाखवणार?

झालं बघा. पेनड्राइव्ह काढा म्हणतंय, काढते. चालू. हं, कशी छान आली. नवीकोरी. वायफाय — अरे, हे पण दिसतंय, नशीबवान आहात. आता तुमची डिस्क लावा, मी नाही लावणार, तुम्हीच. उघडा. आहेत का फोटो? किती मोठ्ठा लाडू धरलाय दोन्ही हातांनी — बरं, चेंडू आहे. मला चष्म्याच्या दुकानात जायला हवं.

एक काम कराल? बाहेर पडलात की त्या विचारतील, दिसली का. नाही म्हणा. अहो, मला माहीत आहे दिसली. पण तुमची दिसली म्हटलं की आत येतील, सरांची दिसते मग माझ्या लेकाची का नाही, सरांची तू कशी लावलीस, तश्शी लाव. एक शब्द फक्त. नाही. बाकीचे म्हणतात. तो पोस्टमन सात महिने नाही म्हणतोय, त्याचं तर काही दुरुस्तीलाही नव्हतं.

असं बघू नका. शाळेत आहे असं वाटतंय मला, फळ्याजवळ उभी.

— बरं. राहू द्या. दिसली म्हणा. दिसली, फोटो सगळे आहेत, असं सांगा, नीट सांगा, घाईघाईत नको, त्यांना कमी ऐकू येत नाही पण चेहरा बघतात त्या. लॅपटॉप ह्या पिशवीत. डिस्क वेगळी, आतल्या कप्प्यात. आता कुणी काही लावा म्हटलं तर आधी ती बाहेर. जा तुम्ही. दार लोटून घ्या नुसतं, कडी अडकते.

...

आले, आई. एक मिनिट.