हार्ट लिहा

—नाही गं, गरमी वाढलीय हे मला पटत नाही, असं कुठे म्हटलं मी? एकाहत्तर वर्षं काशीत, ह्या ब्रह्मा घाटावर काढली, कळत नाही होय? कळतं सगळं. तू रत्नाकरची नात, विद्यापीठाचा गरमीच्या पाहणीचा फॉर्म घेऊन आलीस, विचारतेस—लोक ह्यावर बोलत का नाहीत? बोलून काय करायचं सांग. महाराष्ट्रातून यजमान येतात, गंगापूजन सांगायचं, घरी आणून जेवू घालायचं—त्यात हवामान कुठे बसवू मी?

लिही. दत्तात्रेय. घरात एकटा. हो, एकटाच—तुझी प्रभावतीआजी, माझी बायको, मागच्या जूनमध्ये गेली ना. उन्हाची लू लागून नाही, हार्टनं. कोण म्हणालं लू? डॉक्टर म्हणत होता, अंग तापलंय फार—मीच म्हटलं, दाखल्यावर हार्ट लिहा, तिला पहिल्यापासून त्रास होता. नव्हता तसा. म्हणजे, धाप लागायची जिना चढताना. सगळ्यांनाच लागते.

त्या दिवशी नाशिकचे अकरा जण होते. बिजली सकाळपासून गायब, आणि आमचं स्वयंपाकघर वर, पत्र्याखाली. ती म्हणाली, आज नुसता वरणभात टाकते, डोकं गरगरतंय. मी म्हटलं, माणसं एवढ्या लांबून आलीत, पुरणाशिवाय पान वाढायचं? केलं मग तिनं. सगळं केलं. पंगत बसली, ताकासाठी हाक मारली—एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा चिडूनच. वर गेलो तर भिंतीला टेकून बसलेली, डोळे अर्धे मिटलेले. घाम नव्हता—घाम अजिबात नव्हता अंगावर, ते तेव्हा बरंच वाटलं मला. श्वास चालू होता. म्हटलं, पडू दे जरा. ताकाचं पातेलं उचललं, खाली आलो, वाढलं. पंगत उठेपर्यंत थांबलो. पाऊण तास असेल—

हे लिहू नकोस.

तुझ्या त्या कागदांवर, नकाशांवर माझा राग नाही. खरंच असतील ते. पण हार्ट कुणाच्या हातात नसतं, कळलं? गरमी म्हटली, की मग कोण काय म्हणालं, वर किती वेळ—

काय विचारलंस? घरात उष्णतेनं कुणी दगावलं का? नाही. नाही लिही. लिहिलंस? दाखव.

बरं. बघतेस काय अशी? जा आता. दार ओढून घे, झळ आत येते.