सुटलेला अर्थ

सभेचे अध्यक्ष माननीय मामलेदारसाहेब, त्यांच्या शेजारी विराजमान झालेले वकीलसाहेब आणि हेडमास्तर, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण आज नंदुरबारात जमलो आहोत ते आमचे प्रचार अधिकारी रावसाहेब, आणि समोर दाटीवाटीने बसलेल्या बंधुभगिनींनो,

मी नवलसिंग. सरकारी प्रचार मोटारीचा मेकॅनिक. मायक्रोफोन लावणं हे माझं काम, पण त्याच्यापुढे उभं राहण्याची पाळी आज पहिल्यांदा आली. खालच्या नोकरांपैकी कोणीतरी दोन गोड शब्द बोलावेत, अशी खुद्द रावसाहेबांची इच्छा होती. त्यांची इच्छा मी कधी मोडली आहे का? माझी बोली डोंगरातली आणि मराठी शाळेतली, तेव्हा सांभाळून घ्या.

रावसाहेबांच्या सहवासातली माझी सगळ्यात मोठी आठवण सारंगखेड्याची. तीन वर्षं झाली. लढाई चालू होती, आणि 'अधिक धान्य पिकवा' हे सांगायला आम्ही मोटारीवर कर्णा बांधून घोड्यांच्या यात्रेत गेलो होतो. रावसाहेब फेटा बांधून बोलायला उभे राहिले आणि कर्ण्यातून जी घरघर सुरू झाली म्हणता! घोडे दावणीला हिसके देऊ लागले. पुढे बसलेला एक म्हातारा व्यापारी शेजाऱ्याला विचारू लागला, "साहेब बोली ऱ्हायना का जातं फिरी ऱ्हायनं?"

आता थोडी कारागिरीची गोष्ट सांगतो. कर्ण्याचं यंत्र बॅटरीवर चालतं. बॅटरी उतरू नये म्हणून मोटारीचं इंजिन चालू ठेवावं लागतं. त्या इंजिनाची घरघर यंत्रात शिरू नये म्हणून यंत्रापासून गाडीच्या सांगाड्याला तांब्याची विणलेली पट्टी जोडलेली असते. तिला आम्ही मेकॅनिक लोक 'अर्थ' म्हणतो. इंग्रजी शब्द आहे, म्हणजे जमीन. मी वाकून पाहिलं, तर पट्टीच जागेवर नाही! तसाच धावत व्यासपीठावर चढलो आणि घाईघाईत म्हणालो, "साहेब, अर्थ नही शे! बंद करा!"

मायक्रोफोन चालू होता, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. सगळ्या यात्रेने ते ऐकलं. मागून कोणीतरी ओरडलं, "खरं बोलना भाऊ!" आणि मग जो हशा उसळला, तो तापीच्या पलीकडे गेला असेल. तुम्ही हसताय. तेव्हा मलाही हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू?

रावसाहेबांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी मला दंडाला धरून मायक्रोफोनपुढे ओढलं आणि म्हणाले, "हा चोर आहे. सरकारी तांबं यानेच विकलं." हे शब्द मात्र घरघरीतूनही सगळ्यांना नीट ऐकू गेले. त्या गर्दीत माझी बायको रूपलीबाई होती. तिचे आईवडील होते. सहा महिने मी नोकरीबाहेर होतो. दुसरा मेकॅनिक मिळेना, म्हणून परत बोलावणं आलं, पण तो शब्द काही परत गेला नाही. रूपलीबाई बाजारात आली की बायका म्हणायच्या, "चोरनी बायको उनी." तिने बाजारात जाणंच सोडलं आहे. रावसाहेब, तीन वर्षं माझा जळफळाट होतो आहे. आज समारंभ आहे म्हणून मी ते लपवणार नाही.

कामावर आलो आणि घरघरीच्या मागे लागलो. तांबं मिळत नव्हतं, म्हणून लोखंडी तार बांधली होती. तिने घरघर थोडी दबली, गेली नाही. इंजिन बंद केलं की आवाज बंद. वेग वाढवला की आवाज वर चढतो. प्लग बदलले, डायनॅमो उघडून पुसला, एकेक वायर सोडून पाहिली. माझ्या गाडीत काहीच दोष सापडेना. सापडणार कसा? जी वस्तू हवी होती, ती दुसऱ्याच गाडीत होती.

गेल्या आठवड्यात रावसाहेबांनी मला बंगल्यावर बोलावलं. लांबच्या प्रवासाला निघायचं, म्हणून स्वतःची मोटार तपासून घ्यायची होती. तिच्यात रेडिओ आहे. इंजिन चालू, आणि गाणं कसं, नितळ! मी म्हटलं, "रेडिओ छान वाजतो, रावसाहेब." ते म्हणाले, "हिला तुझा हात लागला नाही म्हणून."

मी रेडिओच्या मागे हात घातला. तांब्याची विणलेली पट्टी हाताला लागली. तिच्या टोकाला कथलाचा डाग देताना मी बाणाची खूण कोरली होती. आमच्याकडे आपला बाण ओळखू यावा म्हणून खूण करतात, तीच. रावसाहेबांचे ड्रायव्हर करमसिंग मान खाली घालून म्हणाले, "मी काय करू भाऊ, साहेबना हुकूम व्हता." रेडिओ बसवला तो यात्रेच्या आदल्या आठवड्यात.

आज सकाळी अध्यक्षसाहेबांच्या समोर करमसिंगांनी तेच पुन्हा सांगितलं. अध्यक्षसाहेबांनी ती खूण डोळ्यांनी पाहिली आणि पट्टी काढायला परवानगी दिली. आता ती सरकारी मोटारीत, आपल्या जागी आहे. मी बोलायला लागल्यापासून बाहेर त्या मोटारीचं इंजिन चालू आहे. येते का कोणाला घरघर ऐकू? नाही ना?

ती घरघर आता रावसाहेबांच्या मोटारीत आहे. घर गाठेपर्यंत ती त्यांना सोबत करील. माझ्याकडून ही निरोपाची भेट.

बसा, रावसाहेब. उठू नका. हार अजून घालायचा आहे, आणि त्यानंतर आपलं उत्तराचं भाषण आहे. चोर हा शब्द याच कर्ण्यातून गेला होता, तो याच कर्ण्यातून मागे घ्यायचा आहे. कर्ण्याचं तोंड मी मुद्दाम बाजाराकडे करून ठेवलं आहे. आज तिथे रूपलीबाई उभी आहे. फार बोलू नका, एकच वाक्य पुरे.

अध्यक्षसाहेबांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. या, रावसाहेब, मायक्रोफोन चालू आहे. आणि आज अर्थ आहे.