वजनकाट्यातली अक्षता

मी मूळची कोल्हापूरची, गुजरीत वडिलांचं सोन्याचं दुकान, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दुकान उघडलं की आधी देवापुढं दिवा, मग काट्यावर ठरलेलं पितळी वजन, ते बरोबर भरल्याशिवाय दादा गिऱ्हाइकाकडं मान वर करून बघायचे नाहीत. लग्न झालं डॉक्टरशी आणि थेट इंग्लंडात वॉटफर्डला आले, त्याला चाळीस वर्षं झाली की हो!

आमचे हे भूलतज्ज्ञ, आता रिटायर. लोक रिटायर झाले की गार्डनिंग करतात, ह्यांना नेमबाजीचं खूळ. क्लब आहे, लायसन्स आहे, सगळं रीतसर, पण काडतुसंसुद्धा घरीच भरायची, मागच्या शेडमध्ये, बंदुकीची दारू वजन करून करून. ती जरा जास्त पडली तर बंदूक तोंडासमोर फुटते, हे त्यांनीच मला सांगितलेलं.

तर काय सांगू तुम्हाला, गेल्या खंडेनवमीला मी मेली उत्साही. घरात शस्त्र आहे आणि पूजा नको? बंदूक कुलपात, किल्ली ह्यांच्याजवळ, म्हणून मी वजनकाट्यालाच हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, अक्षता टाकल्या. ह्यांनी ते सगळं पुसलं, शून्य आलेलं बघितलं आणि भरत बसले. दुपारी चहा घेऊन गेले तर चाळीस काडतुसं तयार. म्हटलं, अहो, वजन ठेवून बघितलंत का? तर म्हणे, अगं, शून्य दाखवतोय ना. म्हटलं, रिकामा काटा शून्य दाखवणारच, खरंखोटं ओझं ठेवल्यावर कळतं, दादा म्हणायचे. झालं, चिडले! जन्मभर औषधं मोजून माणसं झोपवली नि उठवली, आता तू मला शिकव. मी काही हटले नाही. काट्याबरोबर आलेल्या डबीतलं चाचणीचं वजन ठेवायला लावलं, तर काटा कमी दाखवतोय. म्हणजे दारू जास्त पडलेली! ताटली उचलली, तर खाली माझ्याच पूजेतला तांदळाचा दाणा अडकलेला, त्याच्यावर टेकून ताटली पुरती दबतच नव्हती.

माझ्या हातानं ह्यांचा डोळा गेला असता, दुसरं काय! मी रडायलाच लागले, तर हे एकेक काडतूस उघडत राहिले, चाळीसच्या चाळीस, आणि मग म्हणाले, रडू नकोस, न तपासता भरली ती चूक माझी, सासरे असते तर कान धरला असता त्यांनी माझा.

आता भरायला बसले की शेडमधून हाक येते, अगं ये, दादांचं वजन ठेव. वजन दादांचं नाही, इथलंच आहे, पण म्हणतात तसं. मी ठेवते, आकडा जुळला की मगच दारूचा डबा उघडायचा. यंदाच्या खंडेनवमीला काट्याला लांबूनच हात जोडले, आणि अक्षता टाकल्या त्या ह्यांच्या टकलावर. शंभर वर्षं जगा, म्हटलं, पण आधी वजन ठेवा.