कणकेतलं मीठ

मीठ जिभेनं कळतं असं वाटत असेल, तर हे ऐका. साठ सालाच्या आसपास अकोल्याला आमच्या घरी गाणं ठेवलं होतं. साथीला अंजनगावचे एक पखवाजवाले बुवा होते. पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक थापतात, तेव्हाच तो घुमतो. आईनं घाईघाईनं भिजवून दिली. बुवांनी ती थापली, एकदाच हात मारला आणि थांबले.

"वहिनी, कणकेत मीठ पडलं. घडीभरात पाणी सुटन अन् आवाज बसन."

आमचे वडील वकील. भरल्या बैठकीत बायकोची चूक निघालेली त्यांना कशी चालणार? "चाखल्याबिगर कसं सांगता, बुवा?"

"हा सांगून राहिला ना," म्हणत बुवांनी पुन्हा थाप मारली. आम्हाला काही वेगळं ऐकू आलं नाही.

वडिलांनी चिमूटभर कणीक तोंडात टाकली, सावकाश चघळली आणि निकाल दिला, "मीठ नाही."

आई नवी कणीक घेऊन बाहेर आली. बुवांसमोर परात ठेवून हळूच म्हणाली, "हाये मीठ. सवयीनं हात गेला माहा. यायले खाऊन कळत नाही, तुमाले ऐकून कळलं."