चक्कर येण्याचा अर्ज

...अन् वरून मलेच मेमो! ‘आरती संपण्यापूर्वी नैवेद्यास हात का लावला, याचा लेखी खुलासा करावा.’ खाली सही, सहीखाली शिक्का! पोट्टी मरता मरता राहिली, तिच्याबद्दल त्या कागदावर एक अक्षर नाई, अन् वाटीभर खडीसाखरेबद्दल बारा ओळी! मोजल्या ना मी!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाईतर तुम्हीही म्हणान का ही कौसल्या सिस्टर उगाच भांडत राहते. तुम्हाले सांगते, सतरा वर्षं मी दवाखान्यात काढली, लहान पोराइच्या वॉर्डात. मग गुडघे बोलाले लागले म्हणून ही शाळेची नोकरी धरली. म्हटलं, आरामाची हाय. कायचा आराम, बाप्पा! नखं तपासा, उवा तपासा, अन् तपासणीचे साहेब आले का त्याईले चहा न्या! काहून? तं म्हणे सिस्टरचे कपडे पांढरे असतेत, हातात ट्रे शोभून दिसते!

तं त्या शाळेत चौथीत आली तारा. नऊ वर्षांची, दोन वेण्या, जीभ अशी तिखट का मिरचीनं पाणी मागावं. बाप कळमेश्वरच्या कारखान्यात पाळीवर, माय रुख्मिणी घरी. अन् पोट्टीले डायबेटीस. हो, लहान पोराइलेही होते! हे सांगू सांगू माहं तोंड दुखलं. रोज सकाळी रुख्मिणी काचेची सिरिंज उकळणार, पोट्टीले इन्शुलिन टोचणार, अन् पोट्टी हूं का चूं करणार नाई. तीन शाळांनी आधीच हात झटकले होते. पहिल्या दिवशी रुख्मिणीनं माहा हात धरला, म्हणे, “सिस्टर, तुम्ही आहा म्हणून इथं घेतलं इले. इथूनही काढलं तं माही तारा घरीच बसन.”

झालं! आता माह्या जिवाले चैन पडते का? गेली मी हेडसरकडे. कृष्णकांत सर. दोनदा एम. ए.! म्हटलं, सर, इन्शुलिन घेतल्यावर पोट्टीनं वेळेवर खाल्लं नाई ना, तं रक्तातली साखर घसरते. घाम येते, हातपाय कापतेत, पोट्टी कायबी बोलते, मग बेशुद्ध. तसं झालं का लगेच तोंडात साखर द्याची. म्हणून मी माह्या कपाटात ग्लुकोजची बरणी ठेवली हाय.

सरांनी चष्मा कपाळावर नेला. आवाज नाकातून, “शुगरच्या पेशंटला साखर? वेड लागलं का, सिस्टर?”

म्हटलं सर, साखर वाढली तं नाई द्याची, घसरली तं द्याची. “साखरेच्या रोगात साखर घसरते? काहीतरीच!” अन् बरणी जप्त! त्याईच्या कपाटात, कपाटाले कुलूप, किल्ली जानव्याले! आता बोला!

सर तं सर, वर्गाच्या यमुताई त्याहून वरचढ. कोण्या पोट्टीच्या वाढदिवसाचा पेढा ताराच्या तोंडातून काढून घेतला अन् स्टाफरूममध्ये येऊन अशा सांगतेत जशी काय विहिरीतून काढली! मी म्हटलं, ताई, पेढ्याचं ठीक हाय, पण बारा वाजता तिले डबा खाऊ द्या, अन् कधी घामाघूम दिसली तं... “साखर? शुगरच्या पेशंटला? वेड लागलं का, सिस्टर?” अवो, नत्थू चपराशी! त्याले सही करता येत नाई, पण तोही बिडी विझवून मले ज्ञान देते, “शुगरच्या पेशंटले साखर? पागल झाल्या का सिस्टर!” मी मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून वर्गात लावलं, ‘तारा – बारा वाजता डबा.’ यमुताईनं त्यावर सुविचार चिकटवला.

आता तो दिवस ऐका. शारदापूजन. आरती बाराले, संस्थेचे अध्यक्ष आनंदराव यांच्या शुभहस्ते. बारा वाजले, शुभहस्त काही येत नाई. साडेबारा... एक... अन् मी कुठं? फाटकावर! हातात गुलाबदाणी! अध्यक्षांच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडाले, पांढरे कपडे ना! मी दोनदा नत्थूले पाठवलं, जाय गा, विचार, ताराचा डबा झाला का? तो येऊन म्हणते, “यमुताई म्हणतेत, नैवेद्याआधी कोणीच खायाचं नाई. शिस्त हाय.” शिस्त! अन् तेवढ्यात अध्यक्षांची गाडी.

मी त्याईच्या मागोमाग हॉलमध्ये शिरते तं काय पाहते... तीनशे पोट्ट्या रांगेत, अन् तारा कोपऱ्यात, हात वर करून! शिक्षा! काहून? तं ती यमुताईले म्हणे, ‘तू कोण वं?’ अवो बाई, ती उद्धट नव्हती झाली, तिले खरंच समजत नव्हतं का तुम्ही कोण! फ्रॉक घामानं चिंब, ओठ पांढरे, वर केलेले हात लटलट कापून राहिले. वॉर्डात असंच एक लेकरू गेलेलं पाह्यलं होतं ना मी.

धावली सरांकडे. “सर, किल्ली!” तोवर आरती सुरू! सर डोळे मिटून टाळ्या वाजवून राहिले, एक डोळा उघडला, “आरतीनंतर.” अन् त्या आरतीले कडवी किती! संपतच नाई! डबा वर वर्गात, वर्गाले कुलूप. इकडं ताराचे गुडघे वाकले. अन् समोर, शारदेच्या फोटोपुढं, चांदीची वाटी. काठोकाठ खडीसाखर!

उचलली.

मांडीवर घेतलं पोट्टीले, अजून गिळत होती, पाण्यात चुरून चुरून तोंडात घातली. आरती थांबली. पेटीवाला तेवढा वाजवत राह्यला. अन् मागून सगळ्यांचा एकच सूर, “अहो, शुगरच्या पेशंटला साखर!” मी मागं वळून पाह्यलंही नाई. दहा मिनिटांनी तारानं डोळे चोळले, म्हणे, “सिस्टर, माहा डबा कुठं हाय?” मी रडली. खोटं काहून बोलू? भरल्या हॉलात रडली.

तं अध्यक्ष म्हणतेत, “सिस्टर, तुम्हा लोकांना पावित्र्य काय कळणार!” तुम्हा लोकांना... समजलं ना? खरं हाय, आमच्या घरी छप्पन सालापासून देव नाईत. पण चप्पल मी दाराबाहेरच काढली होती, विचारा नत्थूले! अध्यक्ष तं बुटासकट आले होते.

खुलासा मी एका ओळीत लिहिला: ‘साखर घसरली होती, साखर दिली.’ कमिटी बसली. रुख्मिणी बाहेर व्हरांड्यात, पदर तोंडात धरून, आता काढतेत का पोरीले म्हणून. दोन तास बसले भैताड! अन् ठराव काय? पोट्टी शाळेत राहीन, बरणीही मिळन, पण ‘चक्कर येणार असल्यास विद्यार्थिनीने एक दिवस आधी, पालकाच्या सहीने, लेखी अर्ज करावा.’

आधी! लेखी! मी डोस्कं आपटाले भिंत पाह्यली. मग म्हटलं, जाऊ दे, कौसल्या, या शिकलेल्या लोकांसंग किती भांडशीन? ताराले बसवलं, वर्षाच्या सगळ्या शाळेच्या दिवसांचे अर्ज लिहून घेतले, ‘उद्या मला चक्कर येणार आहे, तरी कृपा व्हावी.’ रुख्मिणीनं एकेकावर सही केली. गठ्ठा नेऊन सरांच्या टेबलावर ठेवला. चार दिवसांनी परत आला. मंजूर! बरणी आली, किल्ली आली! अन् वरच्या अर्जावर लाल शाईत सरांचा शेरा: ‘चक्कर मधल्या सुट्टीतच यावी.’

तारानं तो शेरा दोनदा वाचला, तोंड एवढंसं झालं तिचं. म्हणे, “सिस्टर... मग मी खेळू कधी?”